लेकुरवाळीची गाडी

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातल्या खुंटीवरची किल्ली दोनदा वाजली. टुक, टुक.

जुई नुकतीच माझ्या मांडीवर झोपली होती. तिची पापणी हलली, पण ती उठली नाही. किल्लीच्या चिमुकल्या काचेवर गाडीचा निरोप उमटला होता. मी मान वाकडी करून वाचला: मागच्या सीटवर मूल आहे.

मूल माझ्या मांडीवर होतं. एका हाताने माझ्या ओढणीचं टोक धरून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपलेलं. तरीही मी उठले. तिचं डोकं उशीवर सरकवलं, ओढणी तिच्या मुठीतच राहू दिली आणि अनवाणी अंगणात गेले. फरशी पोळत होती. गाडीच्या काचेला दोन्ही तळवे लावून आत डोकावले. सीट रिकामी, पट्टा आपल्या जागी.

हा दोष नवा नव्हता. ही गाडी घेतलेल्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर निम्मे लोक याच्यावरच बोलत असतात. उन्हात सीटखालचा सेन्सर तापला की त्याला वजन भासतं. कारण सरळ होतं आणि मला ते पटलेलंही होतं. पण त्या क्षणी मनात आलं ते वेगळंच. मला वाटलं, हिला तिची मुलं आठवतायत.

तिची म्हणजे हेमांगीबाईंची. त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. पण गेले काही महिने त्या आमच्या घरात राहत होत्या.

हे नीट सांगायला हवं. हल्ली जुनी गाडी घेताना लोक ती किती पळाली ते नंतर बघतात, आधी हात बघतात. अलीकडच्या गाड्यांत एक शिकणारा मेंदू असतो. चालवणारा समोरच्या गाडीपासून किती अंतर ठेवतो, वळणाआधी पाय कधी उचलतो, खड्डा चुकवतो की हळू करून त्यातून जातो, हे सगळं तो टिपतो. आरशाजवळचा कॅमेरा डोळे कुठे वळले ते बघतो. स्टिअरिंगच्या वेष्टणाखालची बारीक जाळी पकड घट्ट की सैल ते मोजते. त्यावरून हा माणूस पुढच्या क्षणी काय करणार याचा अंदाज गाडी बांधते, आणि माणूस पेंगला, दमला, चुकला तर त्याच्याच पद्धतीने त्याला सावरते. एक बटण दाबलं की ती आपली आपण चालते, तेही शिकलेल्या हातानेच. कंपनीवाले याला सवय-नकाशा म्हणतात. आपल्याकडे कुणी तरी हातगुण म्हणालं आणि तोच शब्द रुळला. डॉक्टरचा हातगुण, लोणचं घालणारीचा हातगुण, तसा गाडीचा.

मग त्यावर बाजार उभा राहिला. निवृत्त मास्तरांची गाडी, फौजीची गाडी, अशा पाट्या लागायला लागल्या. सगळ्यात जास्त मागणी लेकुरवाळीच्या गाडीला. सातारच्या व्यापाऱ्याने आम्हाला हीच गाडी आग्रहाने दाखवली. कोल्हापूरच्या हेमांगीबाईंची, म्हणाला. दोन मुलं, सगळं सुखाचं, आता मोठी गाडी घेतली म्हणून ही काढली. हवं तर हात पुसून कोरी करून देतो, असंही तो म्हणाला. पण सोबत सासूबाई होत्या. चांगल्या घरची सवय आहे, पुसता कशाला, असं म्हणून त्यांनी पिशवीतून खण-नारळ काढला आणि बॉनेटवर ठेवून गाडीची ओटी भरली. शेजारची दोन गिऱ्हाइकं कौतुकाने बघत होती. मीही हसले. तेव्हा मला हसू येत होतं.

आमच्या जुन्या गाडीत जुईला फार त्रास व्हायचा. पसरणी घाट चढायचा म्हणजे पिशव्या, आलं, लिंबाची साल आणि दर वळणावर "आई, थांब." या गाडीतून पहिल्यांदा पाचगणीला गेलो ते घेतल्यावर दोनेक महिन्यांनी, पाऊसपाणी सरल्यावर. रणजित, माझा नवरा, चालवायला बसला होता. घाटाच्या पायथ्याशी त्याने बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. गाडी वळणात शिरण्याआधीच हलकेच मंद व्हायची, वळण संपताना कुणी पाळण्याला झोका द्यावा तशी उचल घ्यायची. खड्डा आला की बिचकायची नाही, एक एक चाक अलगद उतरवायची. जुई वर पोचेपर्यंत झोपली होती.

रणजितने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. त्याचं वाईत चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही एवढंच विचारायची त्याला सवय. मग म्हणाला, "बाई काय असेल बघ. पोरांना जागसुद्धा येऊ देत नसेल."

तिथून सुरुवात झाली. त्याचा स्वभाव थट्टेचा. गाडीत बसलं की, चला, हेमांगीबाईंना सांगू. जुई कुरकुरली की, थांब, मावशी बघेल. जुई चार वर्षांची, तिने ते खरंच धरलं. एका रात्री मी तिला थोपटत होते तर म्हणाली, असं नाही, गाडीतली मावशी करते तसं. मी हात थांबवला. मग पुन्हा सुरू केला, थोडा हळू. तेही तिला पटलं नाही.

मी एकटी असले की गाडी मला टोकायची. आठवड्यातले तीन दिवस मी साताऱ्याच्या तंत्रनिकेतनात शिकवते. माझं कॉलेज सुटायला उशीर झाला आणि तिथल्याच बालवाडीतून जुईला आणायला धावत निघाले की पडद्यावर अक्षरं यायची: आज नेहमीपेक्षा जोरात. नेहमीपेक्षा म्हणजे कुणाच्या नेहमीपेक्षा? मी मोठ्याने विचारायचे. सीट हलकेच थरथरायची, शहाण्या नणंदेने कोपर लावावं तशी.

मग मी दोषांची वाट बघायला लागले. रिव्हर्स घेताना मागचं दाखवणारा पडदा काळा पडला, मला बरं वाटलं. गिअर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गचका बसला, मी रणजितकडे पाहिलं. तीन दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरली. ग्रुपवर हे सगळं लिहिलेलंच होतं, या बनावटीच्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. जुई झोपली की मी ते वाचत बसायचे. काही जणांचे अनुभव भयंकर होते. समोर काहीही नसताना गाडी आपली आपण ब्रेक मारते. कधी पुलाची सावली, कधी लोखंडी कमान, कधी काहीच नाही. मी ते रणजितला वाचून दाखवायचे. तो म्हणायचा, यंत्र आहे, बिघडणारच. हात मात्र सोन्याचा आहे.

तसं ब्रेकचं आमच्याकडेही होत होतं. एकाच ठिकाणी. साताऱ्याहून येताना पाचवड फाट्याला. तिथे महामार्ग सरळ पुण्याला जातो आणि आमचा वाईचा रस्ता डावीकडे फुटतो. फाटा जवळ आला की गाडी अडखळायची. मला वाटायचं, पाट्यांच्या लोखंडाने होत असेल. नंतर वाटायला लागलं, हेमांगीबाईंना इथे काही तरी झालं असेल. कुणी आडवं आलं असेल. त्यांची भीती गाडीत राहिली असेल. सोन्याच्या हातालाही भीती असते, या विचाराने मी जरा सुखावलेसुद्धा.

मग एका बुधवारी ती तिथे अडखळली नाही, थांबली. महामार्गाच्या मधोमध. पट्टा छातीत रुतला. मागून हॉर्न आला तो संपेचना. आरशात पाहिलं तर मागच्या काचेत रस्ता नव्हता, आकाश नव्हतं, फक्त सिमेंटच्या मिक्सरची जाळी होती. तो टेकला नाही. एवढंच झालं की टेकला नाही.

ड्रायव्हर उतरून आला. शिव्या द्यायच्या तयारीने आला होता, पण त्याने मागे जुईला पाहिलं आणि नुसता कपाळाला हात लावून परत गेला. जुईच्या मानेवर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. ती रडत नव्हती. "मावशीने का थांबवलं?" एवढंच तिने विचारलं.

त्या रात्री मी रणजितला सांगितलं, गाडी कोरी करायची. उद्याच. त्याने तो वळ पाहिला होता, त्याचाही चेहरा उतरलेला होता, तरी तो म्हणाला की आधी सेन्सर तपासू. हात पुसला तर जुईचा घाटातला त्रास पुन्हा सुरू होईल. दोष यंत्रात असेल, हातात कसा असेल? सासूबाईंनी त्याचीच री ओढली. भरलेली ओटी अशी रिकामी करतात का, म्हणाल्या.

"तुला तिचा फार पुळका," मी म्हणाले.

"कुणाचा?"

"माझ्या मुलीला माझ्यापेक्षा बरी सांभाळणाऱ्या बाईचा."

तो हसायला गेला आणि माझ्याकडे बघून थांबला. मी मागे हटणार नव्हते. हे फक्त जुईच्या जिवासाठी आहे, असं मी त्याला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगत होते. पण त्यात एक गोड गोष्ट मिसळलेली होती, की उद्या संध्याकाळी ती बाई नसेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे यास्मिन शिकलगार नावाच्या इंजिनिअर होत्या. माझ्याच वयाच्या, गळ्यात ओळखपत्र, चहा गार झालेला. गाडीचं ऐकून त्या फार दचकल्या नाहीत. त्यांच्याकडे रोजच असे लोक येत असणार. त्यांनी सेन्सर तपासले, पुढची काच पुसून कॅमेरा जुळवला, मागच्या सीटखालचा भाग बदलला. मग म्हणाल्या, ब्रेकचं कारण सेन्सरमध्ये नाही, सवय-नकाशात आहे. मी रणजितकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. जुई बाजूच्या नमुन्याच्या सीटवर चढून पट्टा लावत आणि सोडत होती.

"मग पुसून टाका," मी म्हणाले. "आधीच्या मालकिणीचं जे काही आहे ते सगळं."

यास्मिनबाई पडद्यावर काही तरी शोधत राहिल्या. आधीची कुठली मालकीण, असं त्यांनी विचारलं. मी हेमांगीबाईंचं सांगितलं. कोल्हापूर, दोन मुलं, सगळं. त्यांना हसू फुटलं, पण मग त्यांनी ते आवरलं. गाडी आधी पर्यटकांना भाड्याने देणाऱ्या एका संस्थेकडे होती. आज हा, उद्या तो. हेमांगी नावाचं तिच्या इतिहासात कुणीही नव्हतं. लेकुरवाळीची गाडी हे व्यापारी सगळ्याच बारक्या गाड्यांबद्दल सांगतात, असं त्या म्हणाल्या. आणि असती तरी काय, नवा माणूस चालवायला लागला की महिन्याभरात जुना हात झिजून जातो.

"मग घाटात कोण चालवतं?" रणजितने विचारलं.

यास्मिनबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. "या."

त्यांचं बोट माझ्याकडे होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुई मागे असली की मी वेगळी चालवते. वळणाच्या फार आधी पाय उचलते, खड्ड्यात चाक उतरवते, दर थोड्या वेळाने आरशात बघते आणि त्या वेळी पकड सैल करते. एकटी असले की साधारण सगळ्यांसारखी. बहुतेक वेळा मीच चालवत असल्यामुळे गाडीने माझे हे दोन्ही हात शिकले होते आणि मागे मूल दिसलं की त्यातला पहिला ती वापरत होती. मी म्हणाले, पण मला ते ओळखू नाही आलं. स्वतःचा आवाज रेकॉर्डवर ऐकला की नाही का परका वाटत, त्या म्हणाल्या.

ती मीच होते. इतके महिने मी जिचा हेवा केला ती आई. जिच्यासारखं थोपटावं म्हणून अंधारात हात हळू केला ती. रणजितने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला वाटलं, झालं, आता चहा पिऊ आणि घरी जाऊ.

"म्हणजे ब्रेकसुद्धा हीच मारते?" त्याने सहज विचारलं.

 यास्मिनबाईंनी पाचवड फाट्याचा भाग पडद्यावर मोठा केला. बऱ्याच संध्याकाळच्या रेघा एकावर एक पडलेल्या होत्या. गाडी माणसाचा हेतू डोळ्यांवरून आणि हातांवरून ओळखते, त्या सांगू लागल्या. डावीकडे जायचं असलं की डोळे आधीच डावीकडे जातात, मग हात. इथे हात डावीकडे तयार असतात, पण डोळे सरळ रस्त्यावर असतात. पुण्याच्या. पाय ना दाबलेला ना उचललेला. इंडिकेटर अगदी शेवटी लागतो. गाडीला कळत नाही, या बाईंना जायचंय कुठे. दिवसेंदिवस हे वाढत गेलं. आणि दोन्ही अंदाज सारखेच खरे ठरले की ती सगळ्यात सुरक्षित वाटणारं काम करते. थांबते.

"थकवा असेल," त्या म्हणाल्या. मला वाचवायला म्हणाल्या असाव्यात.

रणजित त्या रेघांकडे बघत होता. पुण्याचं त्याला माहीत होतं. जुई व्हायच्या आधी मी तिथे पुलांच्या कंपनांवर काम करायचे, जुने पूल ऐकायचे, ते कधी थकलेत ते सांगायचे. आता त्या जागी दुसरी मुलगी होती आणि तिचं नाव पेपरात आलं की मी ते पान आधी वाचायचे आणि मग त्यावर भाजी निवडायचे. हेही त्याला माहीत होतं. पण मी ते सोडलं आणि विसरले, असं आमचं दोघांचं ठरलेलं होतं. कुणी न बोलता ठरलेलं.

"कोरी करा," तो म्हणाला.

काल रात्री हात पुसू नका म्हणणारा हाच. त्याच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. इतके महिने ते माझ्याकडे मुक्कामाला होतं. फक्त मी एका बाईवर जळत होते आणि तो एका रस्त्यावर.

यास्मिनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. गाडी माझ्या नावावर होती, होकार माझाच लागणार होता.

"कोरी केली तरी ती पुन्हा माझ्याकडूनच शिकणार," मी रणजितला म्हणाले. "काय पुसायचं त्यात?"

 यास्मिनबाईंनी आपण होऊन सांगितलं की दुसरा उपाय आहे. फाट्याच्या बऱ्याच आधी इंडिकेटर लावायचा, डोळे तिकडे वळवायचे. जायचं कुठे ते आधी ठरवायचं. थोड्या दिवसांत गाडीला खात्री पटेल. तोवर फाट्यापुरता आपोआप ब्रेक त्यांनी बंद करून दिला. हात आहे तसा राहू द्या, मी म्हणाले, आणि आम्ही निघालो.

मी चालवत होते. रणजित शेजारी, जुई मागे तिच्या सीटवर. लिंब खिंड गेली, ऊस भरलेले ट्रॅक्टर गेले. तो खिडकीतून बाहेर बघत होता. तसंच बघत म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"मलाच माहीत नव्हतं," मी म्हणाले. ते जवळजवळ खरं होतं.

"आता माहीत झालं ना?"

मी हो म्हणाले. त्याने मान हलवली, रागाने नाही. दुकानात कुणाचा नंबर अचानक वाढलेला निघाला की तो अशी मान हलवतो, मग आधी त्यांना बसायला सांगतो. पुण्याला रोज जाऊन येऊन जमेल का, जुईला कोण बघेल, असं काही तो आता विचारेल असं वाटलं. त्याने विचारलं नाही. त्याचा हात सीटवर, माझ्या बाजूला पडून राहिला. मी तो धरला नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते.

फाट्याची पाटी लांबून दिसली. मी लगेच इंडिकेटर लावला. टिकटिक सुरू झाली. डोळे डावीकडे वळवले आणि तिथेच ठेवले. सरळ जाणारा रस्ता कडेला जाणवत राहिला, उन्हात चकाकणारा, मोठा, मोकळा. मी बघितलं नाही. न बघणं हेही किती मोठं काम असतं. गाडी अडखळली नाही. माझ्याच हाताने, माझ्याच सवयीने, मागचं मूल हलू नये इतक्या हळुवार वळली.

आरशात पाहिलं. जुई मान वळवून मागच्या काचेतून सरळ गेलेल्या रस्त्याकडे बघत होती. सर्व्हिस सेंटरमध्ये ती नुसती पट्ट्याशी खेळतेय असं आम्हाला वाटलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तू तिकडे जाशील ना, तेव्हा मी मागे बसलेली असेन का?"